भूक लावणारं अरिष्ट

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या शेजारच्या आजींना हिवताप झाला. आशाताईंनी बोट टोचून पट्टीवर रक्त घेतलं, पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटली, आणि तीन दिवसांच्या क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप चौथ्या दिवशी गेला. भूक मात्र गेली ती गेलीच. भाकरीचा वास आला तरी आजी तोंड फिरवत. शेवटी नातू पांढरकवड्याहून एक तपकिरी बाटली घेऊन आला आणि तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं : अमृतारिष्ट.

आजी बाजेवर उठून बसल्या. ‘अमृत बी अन् अरिष्ट बी? एकाच शिशीत? काहून रे बापा, बुढीले मारतं काय?’

नातू हसला, पण शंका रास्त होती. मराठीत अरिष्ट म्हणजे संकट. अरिष्ट ओढवतं, कोसळतं, टळतं. ते पाण्यात मिसळून दोन वेळा घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? आयुर्वेदातही हा शब्द काही सरळ नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात अरिष्ट म्हणजे मरण जवळ आल्याची लक्षणं. कडुनिंबालाही अरिष्ट म्हणतात, रिठ्याला अरिष्टक. औषधाच्या बाबतीत अर्थ घ्यायचा तो ‘रिष्’ म्हणजे इजा होणं, या धातूवरून. ज्याला इजा होत नाही, जे बिघडत नाही, ते अरिष्ट. साधा काढा सकाळी केला तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. अरिष्ट वर्षानुवर्षं टिकतं, आणि शार्ङ्गधर या जुन्या वैद्यग्रंथकारानं तर जुनं होईल तसं ते गुणांनी वाढतं असं म्हटलंय. बाटलीवरचं ‘अमृता’ म्हणजे गुळवेल. ती तोडून टांगून ठेवली तरी हिरवीच राहते, म्हणून हे नाव. राम-रावण युद्धानंतर इंद्रानं मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं आणि जिथं थेंब जमिनीवर पडले तिथं ही वेल उगवली, अशी कथा सांगतात. आमच्या झरी जामणी तालुक्यात ती ज्या संख्येनं दिसते त्यावरून बरेच वानर इथंच पडले असावेत.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. झरी, मुकुटबन, पाटण, माथार्जुन ही इथली परिचयाची नावं. मधे कापूस-तुरीची शेतं, कडेनं सागाचं जंगल, आणि आत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावर चढलेली गुळवेल इथं हमखास सापडते, आणि निंबावरचीच चांगली असं वैद्य मानतात. अंगठ्याएवढं जाड कांड घ्यावं, नखानं वरची पातळ फिक्या तपकिरी सालीची पापडी सोलावी. खाली ओला हिरवा रंग चमकतो. आडवं कापलं की आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. तुकडा चावला की आधी काहीच वाटत नाही, मग जिभेच्या मुळाशी कडूपणा चढतो आणि पाणी प्यायलं तरी हलत नाही. हा कडूपणा लक्षात ठेवायचा, कारण अरिष्ट बनवण्यातली निम्मी कसरत त्याला पोटात घेण्याची आहे.

अमृतारिष्टाचा पाठ ‘भैषज्यरत्नावली’ या गोविंददास सेन यांच्या ग्रंथात ज्वराच्या प्रकरणात येतो. सरकारी योगसंग्रहात तोच आजच्या मापांत दिलाय. एक पल म्हणजे 48 ग्रॅम, एक तुला म्हणजे शंभर पल, एक द्रोण म्हणजे 12.288 लिटर, असा हिशेब धरून : गुळवेल 4.8 किलो, दशमूळ 4.8 किलो, पाणी 49.152 लिटर, उकळून चौथा हिस्सा, म्हणजे 12.288 लिटर ठेवायचा. त्यात गूळ 14.4 किलो. वरून जिरं 768 ग्रॅम, पित्तपापडा 96 ग्रॅम, आणि सातवीण, सुंठ, मिरी, पिंपळी, नागरमोथा, नागकेशर, कुटकी, अतिविष, इंद्रजव हे प्रत्येकी 48 ग्रॅम. भांड्याचं तोंड बांधून महिनाभर ठेवायचं.

यादी वाचताना माझं लक्ष पहिल्यांदा जातं ते जिऱ्याकडे. पित्तपापडा सोडला तर बाकी प्रत्येक मसाल्याच्या सोळापट जिरं! तापाच्या औषधात स्वयंपाकघरातली एवढी मोठी वस्तू कशाला? पुढे सुंठ-मिरी-पिंपळी, म्हणजे त्रिकटू. हा सगळा पोटाचा सरंजाम आहे. माझ्या मते या औषधाचं खरं काम तापाशी झुंजणं नसून तापानंतरची मंदावलेली भूक उठवणं हे आहे, आणि त्याची साक्ष ही जिऱ्याची ढीगभर मात्रा देते. ग्रंथकार मात्र ते सर्व ज्वरांवर चालतं असं म्हणतो, तेव्हा माझं मत माझ्यापाशी.

दशमूळ म्हणजे दहा मुळं. त्यातली पाच मोठ्या झाडांची : बेल, शिवण, टेंटू, पाडळ, ऐरण. पाच लहान झुडपांची : सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. लहान पाचांतली रिंगणी आणि गोखरू तर वाटेवर पायात घुसतात. मोठ्या पाचांचा प्रश्न वेगळा. मूळ काढायचं म्हणजे झाड मारायचं. बेलाचं किंवा शिवणीचं एक झाड वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि मुळासाठी ते एका दुपारी आडवं होतं. म्हणून बाजारात ‘मुळाच्या’ नावाखाली खोडाची साल येते. लबाडी तर आहेच, पण त्या लबाडीनं किती टेंटू वाचले असतील याचाही विचार करावा. खोडाच्या सालीत तेच गुण आहेत का, हे तपासून पाठच बदलणं हा प्रामाणिक मार्ग, आणि काही अभ्यासक त्या दिशेनं काम करतायत. यादीतला इंद्रजव म्हणजे पांढऱ्या कुड्याचं बी. कुडा आमच्या रानात मुबलक आहे. कुटकी आणि अतिविष मात्र हिमालयातल्या, मिरी केरळातली. तेव्हा ‘आपल्या रानातलं औषध’ म्हणून मिशीला पीळ देण्याआधी हेही ध्यानात घ्यावं की वैद्याची पिशवी पूर्वीपासून अर्ध्या देशाच्या वाटा तुडवून भरत आली.

आता भांड्यात काय होतं ते.

आसव आणि अरिष्ट यांतला फरक शार्ङ्गधरानं सोपा केलाय : औषध न उकळता पाण्यात घालून आंबवलं ते आसव, काढा करून आंबवलं ते अरिष्ट. दोन्हीत गोड हवं. गुळातली साखर यीस्ट खातं आणि तिचं मद्य व कर्बवायू करतं. शंभर ग्रॅम साधी शर्करा पूर्ण आंबली तर सुमारे 51 ग्रॅम मद्य आणि 49 ग्रॅम वायू. यीस्ट कुठून येतं? विरजण लावावं तसं जुन्या ग्रंथांत किण्व लावत. बऱ्याच आसवारिष्टांत धायटीची फुलं घालतात. धायटी हे आमच्या माळांवर, नाल्याकाठी वाढणारं कमरेएवढं झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फांद्यांवर केशरी-लाल नळ्यांचे झुपके लागतात. एक नळी तोडून चोखली की गोड लागते. गोड तिथं यीस्ट असणारच, शिवाय त्या फुलांत टॅनिन भरपूर, ते नको असलेल्या जंतूंना दूर ठेवतं. 1993 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निंबारिष्टावर प्रयोग करून दाखवलं की या फुलांत साखर फोडणारं एन्झाइमही आहे, आणि औषधाच्या प्रतिकारशक्तीवरच्या परिणामात फुलांतल्या द्रव्यांचाही वाटा आहे. धायटी म्हणजे फक्त विरजण नव्हे, ती स्वतः एक घटक आहे. गंमत म्हणजे अमृतारिष्टाच्या मूळ पाठात धायटी नाही. तिथं गूळ, काढा आणि हवेतून-भांड्यातून येणारं यीस्ट यांच्यावरच भिस्त. करणारे तरीही तिची मूठभर फुलं टाकतात, आणि मीही टाकतो.

आकडे मांडून पाहिले तर पाठातली एक खुबी दिसते. बारा लिटर काढ्यात साडेचौदा किलो गूळ विरघळला की सगळं मिळून वीस-एकवीस लिटर होतं. गुळातली बारा किलो साखर धरली तर एका लिटरला पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास. इतक्या दाट पाकात यीस्टला श्वास घेणंही कठीण; पाण्याला साखरच धरून ठेवते. ते हळूहळू, धापा टाकत काम करतं आणि आठ टक्क्यांच्या आसपास मद्य झालं की थकतं. आठ टक्के मद्य होण्यासाठी लिटरमागे सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम साखर लागते. उरलेली तशीच राहते. म्हणून अरिष्ट गोड लागतं, म्हणून गुळवेलीचा कडूपणा गळ्याखाली उतरतो, आणि म्हणूनच मधुमेह असलेल्यानं ते सहज म्हणून घेऊ नये : पाठाबरहुकूम केलेल्या अरिष्टाच्या 24 मिलीच्या मात्रेत दहा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून. मद्य आणि उरलेली साखर, दोघं मिळून जंतूंना थारा देत नाहीत. झालं अरिष्ट अ-रिष्ट.

वायूचा हिशेब आणखी मजेचा. वरच्या एकवीस लिटरमध्ये पावणेतीन किलो साखर आंबली तर सव्वा-दीड किलो कर्बवायू निघतो, म्हणजे जवळजवळ सातशे लिटर. दोनशे लिटरचे साडेतीन पिंप भरून. पहिल्या दिवसापासून तोंड घट्ट बांधलं तर मडकं फुटणार. म्हणून सुरुवातीला सैल झाकण, फेस बसला की कापडमाती. मडक्याला आतून आधी तूप चोपडायचं आणि धुरी द्यायची. तूप मातीची छिद्रं बुजवतं, धूर आधीच्या जंतूंची सफाई करतो. प्रयोगशाळा नव्हती तेव्हाची ही निर्जंतुकीकरणाची तऱ्हा. पुढे कारखान्यांत लाकडी पिंपं आली, आता स्टीलच्या टाक्या.

आणि मडकं धान्याच्या राशीत पुरायचं. हे वाचून मी बरेच दिवस हसलो होतो. रास बरकतीची म्हणून औषधालाही बरकत, अशी काहीतरी समजूत असेल म्हणून. हसू बंद झालं ते माझी पहिली बरणी वाया गेली तेव्हा.

ती मी मे महिन्यात घातली होती. पाठाचा दहावा हिस्सा : अर्धा किलोला थोडी कमी गुळवेल, तेवढंच दशमूळ, पाच लिटर पाणी आटवून सव्वा लिटर, आणि दीड किलोला थोडा कमी गूळ. गुळासाठी हात आखडता घेतला आणि एक किलोच टाकला, वर तब्येतीला बरं म्हणून. चिनी मातीची बरणी ओट्याखाली ठेवली. आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. दुपारी बरणीला हात लावला तर चहाच्या कपासारखी लागे. तिसऱ्या दिवशी जोरात फसफसली, आठव्या दिवशी गप्प झाली. रोज झाकण उचलून हुंगण्याची खोड मला. पंधराव्या दिवशी नाकात गेला तो लोणच्याचा झणका.

फेकायला निघालो तर शेजारच्या आजींनीच अडवलं. ‘मास्तर, काहून फेकता? सिरका झाला तो. लोनच्यात टाका.’

सिरकाच होता. आयुर्वेदात त्यालाही नाव आहे, शुक्त. यीस्टला साधारण पंचवीस ते तीस अंश मानवतं. चाळिशीच्या वर ते मान टाकतं. ते मेलं, मद्य थोडं, साखर कमी केलेली, वर मी झाकण उघडून रोज ताजी हवा देत होतो. मद्याचं व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना आणखी काय हवं? धान्याची रास हे ऊब-थंडी अडवणारं पांघरूण होतं. दिवसा तापत नाही, रात्री गार पडत नाही, आणि बरणी काढून हुंगण्याचा मोहही होत नाही. बरकतीचा संबंध नव्हता असं नाही, पण तो यीस्टच्या बरकतीचा होता.

मद्य आलं की सरकार येतं. हे कौटिल्यापासून चालत आलंय. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व कसं करायचं, आसवात काय किती घालायचं याचे पाठ आहेत आणि तिथंच लिहिलंय की निरनिराळ्या रोगांवरची अरिष्टं वैद्यांच्या प्रमाणानं करावीत. म्हणजे दारूखात्याच्या नियमांतच औषधाला खिडकी ठेवलेली. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला तेव्हा ती खिडकी बंद झाल्यासारखी झाली. 1951 साली सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात मद्य असलेली औषधं आणि प्रसाधनं यांना लागू केलेली बंदी घटनाबाह्य ठरवली. यवतमाळ तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होतं, मुंबई राज्यात ते आलं 1956 साली. आज आसवारिष्टाच्या बाटलीवर ‘स्वयंजनित मद्य’ असं लिहिलेलं असतं आणि त्याची कमाल मर्यादा 12 टक्के. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती; औषधाच्या दुकानातली अरिष्टाची बाटली या सगळ्यातून बाहेर राहिली. विकण्यासाठी अरिष्ट करायचं तर औषधाचा परवाना लागतो, हे सांगून ठेवलेलं बरं. माझी बरणी घरापुरती.

इथं आमच्या रानातल्या दुसऱ्या मडक्याबद्दल बोलणं भाग आहे. मोह. गोंड आणि कोलाम वस्त्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचतात. ती वाळवून खातात, बियांचं तेल काढतात, आणि भिजवून, आंबवून, गाळून दारूही. त्या दारूवरून आदिवासींना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पंचविसावा अध्याय पाहावा. तिथं आसवांच्या नऊ योनी, म्हणजे उगम, सांगितल्यात : धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल, साखर, सगळी मिळून चौऱ्याऐंशी आसवं. फुलांच्या दहा आसवांच्या यादीत कमळाच्या जातींनंतर मधूक, म्हणजे मोह, आणि त्याच ओळीत धातकी, म्हणजे धायटी. पुढे ग्रहणी या पचनाच्या विकाराच्या चिकित्सेत तर मधुकासवाचा स्वतंत्र पाठ आहे. वैद्याच्या मडक्यात आणि पोडावरच्या मडक्यात यीस्ट एकच. फरक पडतो तो पुढे : एक मडकं बांधून महिनाभर ठेवलं जातं आणि चमच्यानं मोजलं जातं, दुसरं चुलीवर चढून त्याची वाफ थंड केली जाते आणि मद्य कितीतरी पट तेज होतं.

जगात दुसरीकडेही तापाचं कडू औषध मद्यातच उतरलं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट टॅलबरनं सिंकोनाची साल वाइनमध्ये घालून गुप्त औषध म्हणून विकली, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या मुलाचा ताप उतरवला, आणि राजानं ते गुपित विकत घेतलं. टॅलबर वारल्यावर 1682 मध्ये ते छापून आलं तेव्हा लोकांना कळलं की आत तीच जुनी साल आहे. तिथं एक मोठा फरक आहे. सिंकोनात क्विनीन होतं, ते हिवतापाच्या परजीवीलाच मारतं. आपल्या अमृतारिष्टातल्या सातवीणीच्या सालीकडून ब्रिटिश काळात हीच अपेक्षा केली गेली, कारण क्विनीन महाग होतं आणि सातवीण इथं जागोजागी. तपासण्यांत ती अपेक्षा पुरी झाली नाही.

म्हणून आजींच्या घरातला क्रम मला बरोबर वाटतो : आधी रक्ताची पट्टी, गोळ्यांचा पूर्ण कोर्स, मग बाटली. गंमत अशी की चरकाचा क्रमही काहीसा असाच आहे. नव्या तापात तो काढे द्यायला तयार नाही. आधी लंघन, मग पातळ पेज, सहा दिवस गेल्यावर, हलकं अन्न पचू लागल्यावर काढा. ताप भरात असताना तुरट रस कोंबला तर दोष आतच अडकतात अशी त्याची मांडणी. आपण उलट करतो. अंग कणकणलं की पहिल्याच दिवशी गुळवेलीचा काढा. आमच्या भागात पावसानंतर हिवताप, डेंग्यू, चिगर माइटच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस, सगळे एकाच वेशात येतात. सगळ्यांत ताप, सगळ्यांत अंगदुखी. त्यातला एक गोळीनं जातो, एकाला प्रतिजैविक लागतं, एकात फक्त सलाइन आणि पहारा. अरिष्ट पिऊन यातलं काय झालंय ते कळत नाही, फक्त दोन दिवस जातात.

काढ्याचा अतिरेक काय करतो हे करोनाच्या साथीत दिसलं. 2020 मध्ये गुळवेल घरोघरी शिजायला लागली. पुढच्या वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं गुळवेल निर्धोक असल्याचं सांगितलं आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असावी असा मुद्दा मांडला. वेल ओळखायची तर सालीच्या पापडीपासून पानाच्या देठापर्यंत पाहावं लागतं, आणि शहरात पाकिटातून आलेली पावडर काय ओळखणार? पण मी दोन्ही बाजूंकडून एक धडा घेतला : यकृताचा आजार असलेल्यानं, गरोदर बाईनं, लहान लेकरानं हे आपल्या मनानं घेऊ नये. मात्रा 12 ते 24 मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. आणि पिणाऱ्याला काय आजार आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या सांगण्यावरून.

त्याच साथीत एक वेगळी गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात घडली. कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून थेट मोठ्या औषध कंपन्यांना विकली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले तीन अतिदुर्बल आदिवासी गट. आमच्या तालुक्यातले कोलाम त्यातलेच. त्यांच्या धुऱ्यावर तीच वेल आहे. अरिष्टाच्या बाटल्या मात्र पनवेल, नागपूर अशा ठिकाणांहून येतात. पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना 1872 साली सुरू झाला, तेव्हापासून वैद्याच्या घरातलं मडकं कारखान्याकडे सरकत गेलंय. त्यात प्रमाणाची, शुद्धतेची हमी वाढली हे खरं. पण वेल वेचणाऱ्याला बाटलीच्या किमतीतले किती पैसे मिळतात, हा प्रश्न कुठल्याच लेबलवर नाही.

दुसरी बरणी मी डिसेंबरात घातली. या वेळी गूळ पाठाप्रमाणे दीड किलोला थोडा कमी, ना जास्त ना आखडता. धायटीची गेल्या वर्षीची वाळकी फुलं मूठभर. काढा गार होऊ दिला, कोमट असताना गूळ, मग कुटलेला मसाला. आता रास कुठून आणायची? आमच्याकडे ज्वारी पोत्यात येते. पण भाव चढेल म्हणून घराच्या मागच्या खोलीत छताला भिडेल एवढा कापूस ठेवलेला होता. तो उकरून खड्डा केला आणि बरणी कापसात बसवली. सगळीकडून कापूस, मधे बरणी, वर झाकणाला ओलं फडकं. घरच्यांनी मला वेड लागल्याचं एकमतानं ठरवलं. चौथ्या दिवशी कान लावला तर आत बारीक तडतड ऐकू येत होती, तव्यावर राई पडल्यासारखी, पण खूप दूरवर. झाकण किंचित सरकवून जळती काडी तोंडाशी नेली. ज्योत आत शिरताच कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी विझली. कर्बवायू. संधान, म्हणजे आंबणं, चालू आहे याची ही जुनी परीक्षा.

तेविसाव्या दिवशी कापसाचा भाव चढला आणि मुलानं गाडी बोलावली. व्यापाऱ्याचे हमाल खोलीत शिरले तेव्हा त्यांच्या हाताला कापसातून एक बरणी लागली. वजनात धरायची का, असं एकानं विचारलंही. उरलेला आठवडा बरणीनं तुरीच्या पोत्यांमधे काढला. एकतिसाव्या दिवशी काडी तोंडाशी नेली तर ती शांत जळत राहिली. वर तरंगणारा मसाला तळाला बसला होता. फडक्यातून गाळलं : काळसर तपकिरी, चमच्याला किंचित चिकटणारं. वास आधी गुळाचा, मग जिऱ्याचा, त्यामागून दारूचा हलका धक्का. चव गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी, उशिरानं, ती ओळखीची गुळवेल.

शेजारच्या आजींच्या विकतच्या बाटलीत तोवर दोन बोटं उरली होती. त्यांनी माझ्या बरणीतला अर्धा चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, ‘तुमचं जरा कडू हाय मास्तर.’ मग आत वळून सुनेला आवाज दिला, भाकर झाली असेल तर वाढ म्हणून.